धक्क्यावरील जलसमाधी : ‘डेल्फिन’ (१९०४) व ‘सिंधुरक्षक’ (२०१३)

प्रस्तावना :
पाणबुड्यांचा इतिहास प्रामुख्याने युद्धाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तथापि सेंट पीटर्सबर्ग येथे बांधल्या गेलेल्या दोन पाणबुड्या शत्रूच्या माऱ्याने नव्हे, तर धक्क्याजवळ बुडाल्या. प्रस्तुत लेखात या दोन दुर्घटनांचा तौलनिक विचार केला आहे.

‘डेल्फिन’ :
इव्हान बुबनोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी आराखडा केलेली ‘डेल्फिन’ ही रशियन नौदलाची पहिली लढाऊ पाणबुडी होय. १९०४ मध्ये जपानशी युद्ध सुरू झाल्याने नवे खलाशी त्वरेने तयार करणे निकडीचे ठरले. २९ जून १९०४ रोजी नेवा नदीत, बाल्टिक कारखान्याच्या धक्क्याजवळ सरावासाठी ती बुडी घेत असता आत तीसहून अधिक माणसे होती. ही संख्या नेहमीच्या खलाशीसंख्येहून कितीतरी जास्त होती. उघड्या हॅचमधून पाणी आत शिरले व वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. पुढे ती वर काढून, दुरुस्त करून रेल्वेने व्लादिवोस्तोकला नेण्यात आली. तेथे मे १९०५ मध्ये पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला.

‘सिंधुरक्षक’ :
भारतीय नौदलात डिसेंबर १९९७ मध्ये दाखल झालेल्या या पाणबुडीलाही प्रथम वायूनेच ग्रासले. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे बॅटरीतील हायड्रोजनमुळे आग लागून एक नौसैनिक दगावला. रशियात नूतनीकरण होऊन ती २०१३ मध्ये परतली. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत तिच्यावरील शस्त्रास्त्रांचा स्फोट झाला आणि ३ अधिकारी व १५ नौसैनिक मृत्यू पावले. जून २०१४ मध्ये ती वर काढली गेली; मात्र ‘डेल्फिन’प्रमाणे पुन्हा सेवेत येऊ शकली नाही. २०१७ मध्ये तिला अरबी समुद्रात कायमची जलसमाधी देण्यात आली. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालाने खलाशांच्या थकव्याचे योग्य मूल्यमापन न झाल्याकडे लक्ष वेधले.

समारोप :
दोन्ही दुर्घटनांची तांत्रिक कारणे भिन्न आहेत. एकीत पाणी, तर दुसरीत स्फोटके. साम्य आहे ते मनुष्यबळाच्या नियोजनात. एकीकडे माणसांची गर्दी, तर दुसरीकडे माणसांचा थकवा. बंदर म्हणजे सुरक्षितता, हे गृहीतक पाणबुडीस लागू पडत नाही. म्हणून तिच्या इतिहासात टनभार व वेग यांबरोबरच आत किती माणसे होती आणि त्यांना किती विश्रांती मिळाली होती, याचीही नोंद आवश्यक ठरते. रणांगणाबाहेर मरण पावलेल्यांना इतिहासात स्थान मिळण्याचा मार्गही हाच होय.