पंधरा वर्षांची तात्पुरती जागा



धाराशिवला आलात तर वाट थोडी वाकडी करून तेरला जा. गोरोबाकाकांचं दर्शन घ्याच, पण रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय संग्रहालयही पाहा. तेर म्हणजे जुनं तगर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. इथल्या पांढरीच्या टेकाडातून पाऊस पडला की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर यायच्या. तेरच्याच लामतुरे यांनी हौसेनं त्या जमवल्या. आज हा संग्रह हजारो वस्तूंचा आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मोठी नामवंत. १९३८ साली इटलीत पाँपेईला तशीच एक सापडली, ती व्हेसूव्हियसच्या इ.स. ७९ च्या राखेखाली गाडली गेलेली. म्हणजे केव्हाची ओळख ही!

हे सारं आठवायचं कारण वेगळंच. संग्रहालयाचं छप्पर गळतं, इमारत दुरुस्तीला काढावी लागते. तेव्हा आतल्या वस्तू ठेवायच्या कुठे? घर शाकारायला काढलं तर आपण भांडीकुंडी शेजारी ठेवतो. दोन हजार वर्षांची बाहुली कोणाच्या पडवीत ठेवणार?

मुंबईत हा प्रश्न १८५७ मध्येच उभा राहिला होता. फोर्टातल्या टाऊन बराकीत तेव्हा एक संग्रहालय मांडलं होतं. उठाव झाला आणि लष्कराला बराक हवी झाली. सामान घाईघाईत बाहेर काढलं गेलं, त्यात पुष्कळ खराब झालं, आणि जे उरलं ते टाऊन हॉलमध्ये नेलं. पुढे जॉर्ज बर्डवुड यांनी ते निगुतीनं पुन्हा उभं केलं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखी माणसं पाठीशी होती म्हणून नवी इमारत झाली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी भायखळ्याला संग्रहालय उघडलं. हिशेब करा, ‘तात्पुरतं’ म्हणून हललेल्या सामानाला हक्काचं घर मिळायला पंधरा वर्षं लागली. १९७५ पासून याच संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव आहे.

फोर्टातल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, गोष्ट उलटी. इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि महायुद्ध पेटलं. तिथे लष्करी इस्पितळ झालं. १९१५ मध्ये पुरुषोत्तम मावजींचा संग्रह विकत घेतला होता, पण लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये. म्हणजे इथे घर होतं, पण त्यात दुसरंच कोणी राहत होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना ‘तात्पुरतं’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उमरगा, लोहारा भागातली घरं पडली आणि माणसं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणसालाही उभं राहवत नाही. तिथे हस्तिदंताचं काय होईल? ते उन्हाळ्यात सुकतं, पावसाळ्यात ओल धरतं, आणि या आकसण्या-फुगण्यानं त्याला चिरा पडतात. सातवाहनांची शिशाची नाणी घ्या. त्यांना लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ बाधते आणि ती पांढऱ्या पुडीसारखी झडू लागतात. म्हणजे नवं कोरं प्लायवूडचं कपाट करून दिलं तरी आपण त्यांचं वाईटच करतो. मातीच्या बाहुलीला त्या मानानं फारसं काही नको, फक्त धक्का नको.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीनं आपली चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत लपवली होती. डोंगराच्या पोटात हवेचा चढउतार नाही, त्यामुळे चित्रं लंडनपेक्षा तिथे बरी राहिली! लढाई संपल्यावर त्यांनी हाच धडा गॅलरीत आणला. आपल्याकडे खाण नको, जाड दगडी भिंतीची खोली चालेल. मात्र ती नदीच्या पुरापासून उंच हवी, वर धाबं गळकं नको, खाली वाळवी नको. शेजारी गॅसच्या टाक्या, धान्याचं कोठार किंवा मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर नको. किल्ली दोघांकडे असावी, एकट्याकडे नको.

हे सगळं जमेल. मला खरी धास्ती वाटते ती चिठ्ठ्यांची. मी ज्या एका शाळेत होतो तिथे छताच्या कामासाठी प्रयोगशाळेतलं सामान गोदामात हलवलं. ते परत आलं तेव्हा दगड सगळे होते, पण कोणता कुठून आणलेला हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. दगड नवे आणता आले. लामतुऱ्यांनी वेचलेल्या मण्याचं तसं नाही. तो उत्खननाच्या थरातून मोजून काढलेला नाही, म्हणून नोंदवहीतली एक ओळ हाच त्याचा जन्मदाखला. तेव्हा हलवण्याआधी प्रत्येक वस्तूवर क्रमांक हवा, तोच क्रमांक डबीवर, फोटोवर आणि वहीत हवा. आणि वहीची एक प्रत त्या खोलीत न ठेवता दुसऱ्या गावी ठेवलेली हवी.