‘नंतर’ आणि ‘माघारी’ : पालकत्वाच्या कायद्यातील एका शब्दाचा इतिहास

कायद्याची संहिता काळाबरोबर दोन मार्गांनी बदलते : विधिमंडळ ती नव्याने लिहिते, अथवा न्यायालय ती नव्याने वाचते. हिंदू अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा मुख्यतः दुसऱ्या मार्गाने बदलला. या बदलाच्या केंद्रस्थानी एकच शब्द होता, आणि म्हणूनच हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकालाही आपला वाटावा असा आहे.

१८९० च्या ‘पालक व पाल्य अधिनियमा’नुसार वडील हयात असतील व अपात्र ठरले नसतील, तर न्यायालयाला मुलाच्या देहाचा अन्य पालक नेमता येत नसे. स्वातंत्र्योत्तर काळातील १९५६ च्या ‘हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमा’ने आईला नैसर्गिक पालकांत स्थान दिले, मात्र सहाव्या कलमातील क्रम ‘वडील, आणि त्यांच्यानंतर आई’ असा राहिला. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही तेच कलम सांगते. म्हणजे संगोपन आईचे आणि सही वडिलांची, अशी ही विभागणी होती.

‘नंतर’ याचा अर्थ ‘मृत्यूनंतर’ असाच घ्यायचा काय, हा प्रश्न विदर्भातील एका शेतजमिनीच्या कुळवहिवाटीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जिजाबाई गजरे यांच्या या प्रकरणात वडील हयात होते. परंतु वीसहून अधिक वर्षे विभक्त राहत होते आणि मुलीचा व्यवहार आईच पाहत होती. १९७० मध्ये न्यायालयाने आईला नैसर्गिक पालक मानले.

हाच प्रश्न अधिक व्यापक रूपात उपस्थित केला तो कादंबरीकार गीता हरिहरन यांनी. १९८४ मध्ये त्यांनी अज्ञान मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला. रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही, अथवा आई पालक असल्याचे सक्षम प्राधिकरणाचे प्रमाणपत्र मागितले. वस्तुतः आईने पालक म्हणून व्यवहार करावा, हे पतिपत्नींनी मिळून ठरवले होते. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने निकाल दिला. सहावे कलम घटनाबाह्य ठरवण्याऐवजी ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘अनुपस्थितीत’ असा लावण्यात आला. वडिलांची उदासीनता, परस्परांची समजूत, दूर वास्तव्य वा असमर्थता यांचाही अनुपस्थितीत समावेश झाला.

मूळ संहितेतील ‘आफ्टर’ या इंग्रजी शब्दावर हा अर्थ काहीसा ओढून आणावा लागतो. मराठीत मात्र तो ‘माघारी’ या शब्दात आधीपासूनच आहे. ‘पाहुणे माझ्या माघारी येऊन गेले’ यात केवळ गैरहजेरी आहे; ‘नवऱ्याच्या माघारी तिने मुले वाढवली’ यात नवरा वारला की परगावी गेला, हे संदर्भच सांगतो. न्यायालयाने ‘नंतर’चे जणू ‘माघारी’ असे भाषांतर केले.

पण या भाषांतराची मर्यादाही त्याच शब्दात आहे. कोणाच्या माघारी काही करायचे, तर आधी त्याने दूर असावे लागते. वडील घरात असतील, मुलाकडे लक्ष देत असतील आणि आईकडे अधिकार सोपवण्यास राजी नसतील, तर आई दुसऱ्या क्रमांकावरच राहते. अर्थ विस्तारला, पण क्रम ढळला नाही.

क्रम बदलण्याचे काम संहिता लिहिणाऱ्यांचे होते. विधी आयोगाने १९८९ च्या १३३ व्या अहवालात आणि २०१५ च्या २५७ व्या अहवालात आईवडिलांना समान स्थान देण्याची शिफारस केली. २०१० च्या दुरुस्तीने १८९० च्या अधिनियमात वडिलांबरोबर आईचा उल्लेख आला. १९५६ च्या सहाव्या कलमातील ‘नंतर’ मात्र आजही जागचा हललेला नाही. न्यायालयाने शब्दाला नवा अर्थ दिला. आईला मात्र अजूनही वडिलांच्या अनुपस्थितीचा पुरावा द्यावा लागतो. वडिलांकडे कोणी आईच्या अनुपस्थितीचा पुरावा मागत नाही.