तांड्याचे गणित

युद्ध म्हटले की तलवारी आणि तोफा डोळ्यांपुढे येतात. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला प्राध्यापक काही येत नाही. पण १९४२-४३ च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या आरमारी कचेरीत असाच एक प्राध्यापक बसला होता. त्याचे नाव पॅट्रिक ब्लॅकेट. तसा मूळचा दर्यावर्दीच; १९१६ साली जटलंडच्या लढाईत तो होता. पदार्थविज्ञानाकडे वळला तो नंतर.

प्रश्न अन्नाचा होता. अमेरिकेहून धान्य, तेल आणणारी जहाजे जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये बुडवीत होत्या. जहाजे तांडा करून, भोवती लढाऊ नौकांचा पहारा ठेवून निघत. मोठा तांडा म्हणजे शत्रूला आयतीच मेजवानी, अशी आरमाराची समजूत. म्हणून साठांहून अधिक जहाजे एकत्र सोडायची नाहीत, असा दंडक.

ब्लॅकेटच्या मंडळींनी मागील दोन वर्षांचे हिशेब काढले. सरासरी ३२ जहाजांच्या तांड्यांत शेकडा २.५ जहाजे बुडाली होती. सरासरी ५४ जहाजांच्या तांड्यांत शेकडा १.१! पण हा योगायोगही असेल. कारण कळेपर्यंत आकड्यावर विसंबायचे कसे?

कारण सापडले ते अगदी साधे. शेत दुप्पट झाले म्हणून कुंपण दुप्पट लागत नाही, हे आपला कोणताही शेतकरी सांगेल. तांड्यापासून दूर धरलेले पहाऱ्याचे कडे ४० ऐवजी ८० जहाजांभोवती घालायचे, तर ते अवघे एक-सप्तमांश वाढत होते. आणि पाणबुडी आत शिरलीच, तर तांडा लहान असो की मोठा, ती बुडवणार तिच्या आवाक्यातली तेवढीच!

तरीही कागदावरच्या चुकीची किंमत खलाशांनी प्राणांनी मोजली असती. आपली मुले अटलांटिकपार धाडायची झाली, तर ती कोणत्या तांड्यातून धाडीन, असे ब्लॅकेटने स्वतःलाच विचारले. मोठ्या तांड्यातून, असे उत्तर मन देऊ लागले, तेव्हाच त्याने सल्ला दिला. मला तरी साऱ्या गणितात हीच पायरी सर्वांत अवघड वाटते.

पुष्कळ वाद होऊन १९४३ च्या वसंतात आरमाराने ते मानले. हे आधीच सुचले नाही, याची खंत ब्लॅकेटला पुढेही राहिली. १९४४ च्या उन्हाळ्यात दीडशेहून अधिक जहाजांचा तांडा न्यूयॉर्कहून निघाला. तोवर पाणबुड्यांचा जोर ओसरला होता, हे खरे. पण तो एकही जहाज न गमावता पैलतीरी लागला.

१९४८ साली ब्लॅकेटला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी नेहरूंच्या विनंतीवरून त्याने भारताच्या संरक्षण-संशोधनाविषयी अहवाल लिहून दिला.