कृष्णजन्म आणि ख्रिस्तजन्म : साम्यकल्पनेची परीक्षा

गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांचे सांगली येथे १६ मार्च १९४५ रोजी निधन झाले. त्यांचा ‘ख्रिस्तपरिचय’ हा ग्रंथ पुढील वर्षी, म्हणजे १९४६ मध्ये, प्रसिद्ध झाला. येशू ख्रिस्त हा जन्माने हिंदू व तमिळभाषी होता आणि ख्रिस्ती धर्म हा मुळात हिंदू धर्माचाच एक पंथ होय, असे प्रतिपादन त्यात आहे. याच्या एकोणतीस वर्षे आधी, १९१७ मध्ये, त्याच कृष्णाखोऱ्यात सातारा येथे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन करून ख्रिस्तभक्तीला वारकरी वाणीचा पेहराव देण्याचा उद्योग आरंभिला होता. एकाने ख्रिस्ताचे मूळ भारतात शोधिले. दुसऱ्याने परक्या भूमीत जन्मलेल्या ख्रिस्ताला भारतीय भाषेत आळविले. वरवर पाहता या दोन्ही गोष्टी सारख्या वाटतात, परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्या अगदी भिन्न आहेत. तो भेद कोणता, हे पाहण्यासाठी कृष्णजन्म व ख्रिस्तजन्म यांच्या साम्याची जी कल्पना गेली दोनशे वर्षे प्रचलित आहे, तिची परीक्षा करणे अवश्य आहे.

ही कल्पना बाबारावांची नव्हे, किंबहुना ती मूळची भारतीयही नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी हिंदू व ग्रीक-रोमन देवतांची तुलना केली, त्या ओघात कृष्णकथेतील काही भागांवर ख्रिस्ती शुभवर्तमानांची छाया पडली असावी असा तर्क पुढे आला. त्याच सुमारास व्होल्ने या फ्रेंच लेखकाने १७९१ मध्ये याच्या उलट दिशेने सूर काढला. १८६७ मध्ये आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने कृष्णजन्माष्टमीवर विस्तृत निबंध लिहून बालकृष्णाला स्तनपान देणाऱ्या देवकीची पूजा ही ख्रिस्ती मातृप्रतिमेपासून आली असल्याचा पक्ष मांडला. अवघ्या दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, लुई झाकोलियो या फ्रेंच गृहस्थाने बायबलाचे मूळ भारतात असल्याचे सांगून ‘येझेउस क्रिस्न’ असे एक नावच बनविले. संस्कृत वाङ्मयात असे नाव कोठेही आढळत नाही. माक्स म्युलर यांनी झाकोलियोच्या प्रमाणांचा पोकळपणा दाखवून दिला, तरीही त्याच्या पुस्तकाचा प्रसार थांबला नाही. १८७५ मध्ये कर्सी ग्रेव्हज या अमेरिकन लेखकाने सोळा ‘क्रूसारोपित तारकां’ची यादी केली आणि तीत कृष्णालाही बसविले. वस्तुतः महाभारतात व पुराणांत कृष्णाचा अंत जरा नामक व्याधाच्या बाणाने होतो. क्रूसाचा तेथे मागमूसही नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वेबर आणि झाकोलियो यांच्यापुढील साम्ये बहुतांशी तीच होती. त्यांवरून एकाने कृष्णकथा ख्रिस्तकथेची ऋणको ठरविली, दुसऱ्याने ख्रिस्तकथा कृष्णकथेची. जे प्रमाण परस्परविरुद्ध अशा दोन्ही सिद्धान्तांना सारखेच उपयोगी पडते, ते त्यांपैकी एकाचेही साधक नसते. साम्य हा प्रश्नाचा आरंभ आहे, उत्तर नव्हे. उसनवारी सिद्ध व्हावयाची तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ज्या दोन कथांची तुलना करावयाची त्या मूळ ग्रंथांत खरोखरच तशा असल्या पाहिजेत. ज्या कथेपासून उसनवारी झाली ती आधीची असली पाहिजे. आणि एकीकडून दुसरीकडे जाण्याचा मार्ग दाखविता आला पाहिजे.

पहिल्या अटीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण इजिप्तच्या इतिहासात मिळते. होरस या देवाचा जन्म कुमारी मातेच्या पोटी २५ डिसेंबर रोजी झाला व तीन ज्ञानी पुरुषांनी त्याचे पूजन केले, असे पुष्कळ लोकप्रिय पुस्तकांतून लिहिलेले आढळते. या समजुतीचा मोठा पुरस्कर्ता जेराल्ड मॅसी हा होय. परंतु इजिप्तमधील कथेनुसार इसिस ही ओसायरिसची पत्नी असून, पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या कलेवरात क्षणभर चैतन्य आणून तिने गर्भधारणा केली. अबायडॉस येथील पहिल्या सेतीच्या मंदिरात हा प्रसंग स्पष्टपणे कोरलेला आहे. ही कथा अद्भुत खरी, पण कौमार्याची नव्हे. होरसचे बालपण नाईल नदीच्या मुखाजवळील दलदलीत, सेथच्या भयाने लपून गेले. ज्ञानी पुरुषांची त्रयी तेथे नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातही त्या ज्ञान्यांची संख्या दिलेली नाही.

लक्सर मंदिरातील तिसऱ्या आमेनहोतेपच्या जन्माची शिल्पे हा या पक्षाचा दुसरा आधार. सॅम्युएल शार्प याने १८६३ मध्ये या शिल्पांत देवदूताचा संदेश, दैवी गर्भधारणा, जन्म व पूजन असा क्रम वाचला आणि मॅसीने तो उचलला. पण शिल्पांसोबत लेखही आहेत. त्यांत आमून देव राजाचे, म्हणजे राणीच्या पतीचे, रूप घेऊन राणीकडे आला व त्यांचा समागम झाला असे सांगितले आहे, आणि थोथ देवाचा संदेश त्यानंतर येतो. चित्र पाहून कथा कल्पावयाची आणि शेजारचा लेख वाचावयाचाच नाही, अशा पद्धतीने कोणतेही साम्य सिद्ध करता येते. प्लुटार्कने बाल-होरसचा जन्म दक्षिणायनाच्या अखेरीशी जोडला आहे हे खरे. परंतु शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची तिथीच नाही. २५ डिसेंबरचा ख्रिस्तजन्माशी संबंध रोम येथील इ. स. ३५४ च्या पंचांगात प्रथम निश्चितपणे दिसतो. तेव्हा तिथीच्या साम्यावरून मूळ कथेविषयी काहीच ठरत नाही.

हीच कसोटी कृष्णकथेला लाविली असता काय दिसते? नावापासून आरंभ करू. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक ‘ख्रिस्तोस’ या शब्दापासून आला असून त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा आहे. तो ‘मशीहा’ या हिब्रू उपाधीचा अनुवाद होय. ते व्यक्तिनाम नव्हे. ‘कृष्ण’ या संस्कृत शब्दाचा अर्थ काळा. महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली या गावांवरून वाहणाऱ्या नदीचेही तेच नाव आहे आणि वाईकर दरवर्षी ‘कृष्णाबाई’चा उत्सव करतात. या नदीच्या नावात कोणी ख्रिस्ताला शोधीत नाही. देवाच्या नावात मात्र तोच ध्वनी पुरावा म्हणून पुढे केला जातो.

मातेच्या बाबतीत भेद अधिकच उघड आहे. मत्तय व लूक यांच्या कथेत मरीया कुमारी आहे. देवकी ही वसुदेवाची पत्नी असून कृष्ण तिचा आठवा पुत्र. भागवतात भगवंत प्रथम वसुदेवाच्या मनात प्रविष्ट झाला व तेथून देवकीने त्याला धारण केले, असे वर्णन आहे हे मान्य केले पाहिजे. पण ज्या मातेचे सहा पुत्र कंसाने मारले, तिच्याविषयी कौमार्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय भागवत हा ग्रंथ बराच उत्तरकालीन आहे. तिथीचेही तसेच. कृष्णजन्म श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री, भर पावसाळ्यात. डिसेंबराशी त्याचा संबंध नाही.

नंद कर भरण्यास मथुरेस जातो आणि योसेफ नावनोंदणीसाठी बेथलेहेमास जातो, हे साम्य वारंवार दाखविले जाते. परंतु लूकच्या कथेत तो प्रवास जन्मापूर्वीचा असून जन्मस्थान ठरविणे हेच त्याचे प्रयोजन आहे. पुराणांत नंदाची खेप जन्मानंतरची असून ती राजाला नेहमीचा वार्षिक कर देण्यासाठी आहे. गुराखी राजाला कर देतात या नित्याच्या गोष्टीला परदेशी उगमाची आवश्यकता नाही.

राहता राहिले दुष्ट राजाचे साम्य. हेरोद बालकांची हत्या करवितो, कंसही करतो. हे सर्वांत बलवान साम्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याचे स्पष्टीकरण निकटच उपलब्ध आहे. हेरोदाची ही कथा एकट्या मत्तयाने दिली असून तीवर इस्राएली पुत्रांना मारविणाऱ्या फारोच्या, म्हणजे मोशेच्या जन्मकथेची छाया स्पष्ट आहे. तिकडे भावी राजाला बालपणीच नष्ट करण्याचा प्रयत्न व त्यातून त्याचे वाचणे ही कल्पना अनेक देशांत विखुरलेली आहे. हेरोडोटसने सांगितलेली सायरसची कथा व रोमच्या रोम्युलसाची कथा ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. सारगॉनला आणि आपल्या कर्णालाही पेटीत घालून नदीत सोडले होते. त्यावरून कर्ण बाबिलोनी ठरत नाही.

दुसरी अट कालक्रमाची. येथे भारतीय पुरावा वेबरच्या विरुद्ध निर्णायक आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, वासुदेवाने केलेल्या कंसवधाचे उल्लेख येतात आणि तो प्रसंग चित्रांतून व प्रयोगांतून दाखविला जात असल्याचेही समजते. ही गोष्ट रा. गो. भांडारकर यांनी १८७४ मध्येच विद्वानांच्या निदर्शनास आणिली. बेसनगर येथे हेलिओडोरस या यवनाने वासुदेवाप्रीत्यर्थ उभारिलेला गरुडध्वज, घोसुंडीचा शिलालेख आणि महाराष्ट्रातील नाणेघाटाच्या लेखातील संकर्षण-वासुदेवांचे स्मरण ही सर्व ख्रिस्तपूर्व काळची साक्ष आहे. १९७० मध्ये अफगाणिस्तानात आय खानूम येथे सापडलेल्या अगाथोक्लिस राजाच्या नाण्यांवर या दोघा वीरांच्या आकृतीही मिळाल्या. तरी या साधनांवरून कंसहंता वासुदेव सिद्ध होतो, गोकुळातील बालक नव्हे, ही मर्यादा विसरता कामा नये. बाललीलांचा विस्तार हरिवंशात येतो आणि तो ग्रंथ सामान्यतः ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांतील मानला जातो. म्हणून ख्रिस्तकथा बालकृष्णाच्या कथेवरून आली असे म्हणण्यासही कालक्रमाचा आधार मिळत नाही. हालाच्या गाथासप्तशतीत यशोदा व गोपी येतात. पण त्या संग्रहाचे थर निरनिराळ्या काळचे असल्यामुळे तोही येथे निवाडा देऊ शकत नाही.

तिसरी अट मार्गाची. ती पुरी करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न खुद्द भांडारकरांनीच केला. १९१३ च्या आपल्या वैष्णव-शैव संप्रदायांवरील ग्रंथात त्यांनी असे सुचविले की, ख्रिस्ती शकाच्या आरंभी भारतात आलेल्या आभीरांनी बालदेवतेची पूजा व बहुधा ख्रिस्ताचे नावही बरोबर आणिले. गोव्यात ‘कृष्ण’चा उच्चार ‘कुष्टो’सारखा होतो, हा त्यांचा एक दाखला होता. कोणत्याही पक्षाचा अभिनिवेश नसलेल्या एवढ्या मोठ्या पंडिताचे हे मत असल्यामुळे त्याचा विचार आदराने झाला पाहिजे. परंतु आभीरांचा उल्लेख महाभाष्यातच आहे. म्हणजे ख्रिस्तजन्मापूर्वीच ते या देशात परिचित होते. ते ख्रिस्ती प्रभावाखालील प्रदेशातून आल्याचा पुरावा नाही, आणि अर्वाचीन गोमंतकीय उच्चारावरून पहिल्या-दुसऱ्या शतकातील आभीरांची बोली ठरविता येत नाही. हेमचंद्र रायचौधुरी यांनी १९२० मध्ये या मताची चिकित्सा केली. विशेष हे की, भांडारकरांचे मत खोडण्यास लागणारे प्रमुख साधन, महाभाष्य, त्यांनीच अभ्यासकांच्या हाती दिले होते.

आता आरंभीच्या भेदाकडे वळता येईल. धर्मकथा एका परंपरेतून दुसरीच्या भाषेत जातात हे सत्य आहे आणि मराठीत त्याची सज्जड उदाहरणे आहेत. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात छंद ओवीचा आहे, रचना पुराणाची आहे आणि स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’ आहे. टिळकांच्या अभंगांविषयी व त्यांनी आरंभिलेल्या, लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेल्या ‘ख्रिस्तायना’विषयी हेच म्हणता येते. येथे कर्ता ठाऊक आहे, काळ ठाऊक आहे, मार्ग ठाऊक आहे. खरी उसनवारी अशी असते. ती आपली खूण शब्दांत आणि छंदांत ठेवून जाते. वैकुंठ शब्द ख्रिस्तपुराणात आहे, तो मत्तयाच्या ग्रीकमध्ये नाही. शुभवर्तमानांवर कृष्णकथेचा संस्कार झाला असता तर अशी एखादी तरी खूण तेथे मिळावयास हवी होती.

‘ख्रिस्तपरिचय’ या ग्रंथाची उणीव याच ठिकाणी आहे. धर्मांतराच्या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या, अंदमानची शिक्षा भोगलेल्या एका कर्त्या पुरुषाची कळकळ त्यामागे आहे आणि ती समजून घेणे हे इतिहासाचे कामच आहे. पण कळकळ हे प्रमाण नव्हे. विसाव्या शतकातील मराठी मनाचा दस्तऐवज म्हणून हा ग्रंथ मोलाचा आहे, पहिल्या शतकातील पॅलेस्टाइनच्या इतिहासाचे साधन म्हणून नाही. हाच न्याय वेबरलाही लागू आहे. त्याचा निबंध वाचला म्हणजे एकोणिसाव्या शतकातील युरोपचे मन कळते, मथुरेचे नव्हे.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेने हाती घेतलेल्या धर्मकोशात वचने कालानुक्रमाने मांडण्याची शिस्त पाळली गेली. साम्याच्या विवेचनासही तीच शिस्त लागते: मूळ वचन आधी, त्याचा काळ नंतर, तुलना शेवटी. हा क्रम उलटला की दोन्ही बाजूंची हानी होते. कृष्णाला ख्रिस्ताची प्रतिकृती म्हटल्याने गोकुळातील गोपांची स्वतंत्र निर्मिती झाकोळते आणि ख्रिस्ताला कृष्णाची प्रतिकृती म्हटल्याने ज्या यहुदी परंपरेत ती कथा वाढली तिचा लोप होतो. दोन कथा एकमेकींसारख्या असणे हे त्यांचे वैभव असू शकते. त्यांपैकी एक चोरीची आहे असे ठरविण्यासाठी मात्र सारखेपणाहून अधिक काही लागते, आणि ते अद्यापि कोणी पुढे आणिलेले नाही.