लिनक्स संगणकाची सुरक्षा, घरगुती

घरच्या लिनक्स संगणकावरील माहिती चोरी, घुसखोरी व नाश यांपासून वाचवण्याचे उपाय. लिनक्सला व्हायरस लागत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे.

काळजी प्रणाली कुठून घेतली इथपासून सुरू होते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून डाउनलोडचा दुवा बदलला आणि चोरदरवाजा असलेली प्रत पुढे केली. म्हणून उतरवलेल्या फाइलची डिजिटल स्वाक्षरी ताडून पाहतात. नुसत्या चेकसमवर भिस्त ठेवता येत नाही, कारण संकेतस्थळ ताब्यात गेले की तिथे दिलेली चेकसमही बदलता येते. पुढचे सॉफ्टवेअर अधिकृत भांडारातूनच घ्यावे. अर्थात भांडारही अभेद्य नसते. एक्सझेड या साधनात पेरलेला चोरदरवाजा काही वितरणांच्या चाचणी-भांडारांत पोहोचला होता. एसएसएच या दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या धाग्यावरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो मार्च २०२४ मध्ये पकडला.

अपडेट वेळच्या वेळी करावेत. रोजचे काम साध्या खात्यातून करावे. इंटरनेटवरची आज्ञा न समजता सूडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवणे, हा घरोघरचा खरा धोका. उबुंटूत यूएफडब्ल्यू ही फायरवॉल मुळात बंद असते. ‘सूडो यूएफडब्ल्यू एनेबल’ या आज्ञेने ती चालू होते. लॅपटॉपची डिस्क लक्स या डिस्क-कूटबद्धीकरण पद्धतीने कूटबद्ध करणे प्रणाली बसवतानाच सोपे जाते.

बॅकअप कुठे ठेवावा, हे गावावरही ठरते. टेक्सासमधील शुगर लँड ज्या फोर्ट बेंड काउंटीत आहे, तिथे ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने मोठा पूर आणला. अशा ठिकाणी संगणकाशेजारची बॅकअप डिस्क संगणकाबरोबरच पाण्यात जाते. एक कूटबद्ध प्रत दुसऱ्या शहरात किंवा क्लाउडवर असावी लागते.