आज्यांची सोबत दवाखान्यात नेऊया

राजुऱ्याकडच्या गावांत आपल्या आज्यांची बाळंतपणं घरातच झाली. मूल सुईण झेलायची. पण पाठ चोळायला, पाणी पाजायला, "होईल माय, धीर धर" म्हणायला आई, मावशी, शेजारीण बाजूला असायची. धोकाही मोठा होता. रक्त जायला लागलं की घरात इलाज नव्हता.

2005 साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, बाया दवाखान्यात जाऊ लागल्या. चांगलंच झालं. पण आई दाराबाहेर राहिली, लेक एकटी आत गेली.

दूरच्या ग्वाटेमाला देशातही दवाखान्यात बाया एकट्याच असायच्या. तिथल्या अभ्यासात एकेक बाई सोबतीला दिली, तीही अनोळखी. तरी सुटका लवकर झाली. हे 1980 मध्ये छापून आलं.

फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यात सोबतिणीला परवानगी दिली. ती शक्यतो स्वतः बाळंत झालेली, निरोगी, स्वच्छ कपड्यातली, शेवटपर्यंत थांबणारी हवी. आडोशाची सोय असेल तिथं नवराही चालतो.

तिनं काय करायचं? कंबर चोळायची, हात धरून चालवायचं, घोटघोट पाणी द्यायचं, कळेत सावकाश श्वास घ्यायला सांगायचं. पोट दाबायचं नाही. रक्त जास्त गेलं, झटके आले तर लगेच नर्सला हाक मारायची.

गटात कोणाला आठवा महिना लागला असेल, तर येत्या बैठकीतच विचारा: तुझ्यासोबत आत कोण येणार? नाव ठरवा आणि आशाताईला आधीच सांगून ठेवा.