निरगाठ आणि तंगूस

पहिला मोठा मासा मी अलिबागच्या खडकांवर गमावला. गळ गेला, दोरा मात्र परत आला आणि त्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं होतं. कुरळं टोक म्हणजे दोरा तुटला नाही, गाठ सरकली. मी पुण्यात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. हा बग माझ्याच बोटांतला होता. नायलॉनच्या गुळगुळीत तंगूसला मी घरची निरगाठ मारली होती.

ती गाठ आजोबांची. आम्ही नंदुरबारचे, समुद्र पाहिला तो शाळेच्या नकाशात. आजोबांचं गाव तापीकाठी होतं. १९७२ मध्ये खाली गुजरातेत उकाई धरण पूर्ण झालं, पाणी मागे फुगलं आणि गाव त्यात गेलं. जमीन गेलेला शेतकरी त्याच पाण्यात कटला धरायला शिकला. पुढे नर्मदेवर सरदार सरोवर झालं, तेव्हा अक्कलकुवा आणि अक्राणीतल्या ३३ गावांवर हीच वेळ आली.

या नदीकाठी माणूस फार जुना आहे. वरच्या अंगाला, तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. तिथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. सावळदा पद्धतीच्या मडक्यांवर तर मासेही रंगवलेले आहेत. गळाची गोष्टही तितकीच जुनी. मोहेंजोदडोला सापडलेल्या तांब्याच्या गळांना उलटा काटा आहे आणि दोर बांधायला वरचं टोक वळवून केलेली कडीही आहे. युरोपात कडीचा गळ सर्रास रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस! म्हणजे हडप्पाचा कारागीर आज आला, तर माझ्या डब्यातला गळ तो लगेच ओळखेल. दोरा मात्र ओळखणार नाही.

कारण बदलला तो दोरा. ताग किंवा सुताचा दोर खरखरीत असतो. भिजला की फुगतो, सुताचा तर उलट मजबूत होतो, आणि त्यातली निरगाठ स्वतःलाच आवळत जाते. कुजतो मात्र लवकर, म्हणून जाळी रोज वाळवायची, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची. १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या गटाने नायलॉन बनवलं. भारतात १९५३ पासून केरळात कोल्लमजवळ चाललेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने मच्छीमारांच्या हाती नायलॉनची जाळी दिली. नायलॉन कुजत नाही, पण ताणलं की बारीक होतं, गुळगुळीत असल्याने सरकतं आणि भिजलं की थोडी ताकदही गमावतं. साधी निरगाठ तर त्याची जवळपास निम्मी ताकद खाते.

म्हणून तंगूसला वेढ्यांची गाठ हवी. दोरा कडीतून ओवायचा, स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक कडीलगतच्या फटीतून परत काढायचं. मग थुंकी लावून हळू आवळायचं. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुबळं होतं. (थुंकीवर नाक मुरडू नका, मीही मुरडलं होतं.) वेणीच्या दोऱ्याला ही गाठ पुरत नाही, तो दुहेरी करून ओवायचा, निरगाठ मारायची आणि उरलेल्या फाशातून गळ काढायचा. म्हणजे आजोबांची निरगाठ अगदीच वाया गेली नाही.

बाकी सामान खाऱ्या पाण्याच्या हिशेबाने. साधं लोखंड आठवड्यात गंजतं, म्हणून दोरा पिळू न देणारी फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, पितळेचं किंवा स्टेनलेसचं. सुरमईचे दात तंगूस कापतात, तिथे गळाआधी वीतभर तार. आणि खडकाळ जागी शिसं मुख्य दोऱ्याला बांधायचंच नाही. ते वेगळ्या, कच्च्या दोऱ्याने लटकवायचं. अडकलं तर तेवढंच तुटतं, मासा आणि गळ हाती राहतो.

ही युक्ती मी व्हिडिओत पाहिली आणि थांबलो. आजोबा हेच करायचे. शिशाऐवजी दगड आणि त्याला मुद्दाम जुनी, कुजकी सुतळी. धरणाच्या तळाशी गावची झाडं उभी होती आणि दगड त्यांच्याच फांद्यांत अडकायचा.

लहानपणी होडीतून गळ टाकायला मी हात उचलला की ते मधेच अडवायचे. "तठे टाकू नको, चिच शे." मी बघायचो, तर नुसतं पाणी.